तांबट आळीतला पाच मिनिटांचा व्हिडिओ : कॅमेऱ्याआधी काय ठरवायचं

एका पुतणीनं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : पुण्यात तांबट आळीत काकांचं तांब्याची भांडी घडवायचं दुकान आहे. त्यांच्या कामावर पाच मिनिटांचा व्हिडिओ करायचा आहे, घरच्यांसाठी आणि यूट्यूबवर टाकायलाही. हातात तीन वर्षांपूर्वीचा अँड्रॉइड फोन आहे, चाळीस हजारांपर्यंत खर्चाची तयारी आहे. कोणता कॅमेरा घ्यावा, आणि आधी एखादा कोर्स करावा का?

कॅमेरा घेऊ नका. निदान या व्हिडिओसाठी तरी नको. चाळीस हजारांतले पाच-सहा हजार खर्च करा, ते कशावर ते पुढे सांगतो. कोर्सचंही शेवटी बोलू.

मी बरीच वर्षं माहितीपट आणि संस्थांसाठी फिल्म्स करतोय. हाताखाली नवीन मुलं येतात आणि जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न कॅमेऱ्याच्या मॉडेलचा असतो. मी त्यांना उलट्या टोकाकडून कामाला लावतो. आधी तयार व्हिडिओ डोळ्यांसमोर आणायचा, मग तो एडिट करायला काय काय लागेल ते लिहायचं, मग तेवढंच शूट करायचं. एडिटला काय लागणार हे ठाऊक नसताना शूटला गेलं की तीन तासांचं फुटेज येतं आणि त्यातून पाच मिनिटं निघत नाहीत. खाली जे काही सांगतोय ते सगळं, अगदी फोनच्या सेटिंगसकट, याच उलट्या हिशोबातून येतं.

सुरुवात एका वाक्यानं करा : या व्हिडिओत काय घडतं? 'तांबट आळीची माहिती' हे उत्तर चालणार नाही, कारण त्यात काहीच घडत नाही. 'तांब्याच्या सपाट पत्र्याचं पातेलं होतं आणि ते होताना काका बोलतात' हे चालेल. हस्तकामावरच्या फिल्मला गोष्ट आयती मिळते, हे तुमचं नशीब. सुरुवातीला पत्रा, शेवटी झळझळीत भांडं, आणि मधे काय होतं ते बघायला माणूस थांबतो. पेशवाईतला आश्रय, स्टील आल्यावर बसलेला धंदा, पुढची पिढी काय करते, यातलं जे काका आपणहून बोलतील ते या धाग्यावर टांगा. विकिपीडियावरची पेशवाई मात्र वाचून दाखवू नका. ती ऐकायला कोणी तुमच्या काकांच्या दुकानात येत नाही.

'घरच्यांसाठी आणि यूट्यूबसाठी' असं तुम्ही एका दमात म्हटलंय, पण हे दोन वेगळे प्रेक्षक आहेत. घरच्यांना काका माहीत आहेत, मठारकाम म्हणजे भांड्यावर हातोडीचे बारीक ठोके मारायचं काम, तेही माहीत आहे. नागपूरला किंवा न्यू जर्सीत बसलेल्या अनोळखी माणसाला दोन्ही माहीत नाही. व्हिडिओ त्या अनोळखी माणसासाठी करा. घरचे तसाही बघणारच आहेत.

आता थोडं गणित. पाच मिनिटं म्हणजे ३०० सेकंद. एक शॉट सरासरी चार-पाच सेकंद धरला तर ६० ते ७५ शॉट लागतात. बोलण्याचं बघा : सावकाश, समजेल असं मराठी मिनिटाला १२०-१३० शब्दांच्या वेगानं जातं. म्हणजे सलग बोललं तर पाच मिनिटांत सहाशेच्या वर शब्द. पण सलग बोलायचंच नाहीये, निदान दोन मिनिटं नुसता कामाचा आवाज हवा. उरले साडेतीनशे-चारशे शब्द. मासिकाच्या एका पानात मावतील इतकेच. काका तासभर बोलले तरी शेवटी त्यांचं एवढंच ठेवायचं आहे, हे आधी कळलं की प्रश्नांची यादी आपोआप आटोक्यात येते.

कागदावर मधोमध रेघ मारा. डावीकडे 'काय दिसतं', उजवीकडे 'काय ऐकू येतं'. टीव्हीवाले वर्षानुवर्षं असंच लिहीत आलेत आणि याहून चांगली पद्धत मला सापडलेली नाही. डावीकडे 'पत्रा कापणारे हात, जवळून' लिहिलंत की उजवीकडे ताबडतोब ठरवावं लागतं : इथे कातरीचा आवाज, की काकांचं वाक्य, की दोन्ही? पहिल्या खेपेला उजवीकडची बाजू बऱ्याच ठिकाणी रिकामी राहील. तसंच डावीकडेही सापडेल. 'स्टील आल्यावर गिऱ्हाईक तुटलं' हे काका सांगत असताना दाखवायचं काय? जुना फोटो, धूळ खात पडलेला बंब, बंद असलेलं शेजारचं दुकान? हे शूटच्या आधी सुचलं तर घेता येतं. एडिटला बसल्यावर सुचलं तर काकांचाच चेहरा चाळीस सेकंद दाखवावा लागतो.

हा कागद घेऊन आळीत रेकीला, म्हणजे जागा आधी बघून यायला, जा. फोन खिशात ठेवा. ज्या वेळेला शूट करणार त्याच वेळेला जा, कारण अरुंद गल्लीत दुकानाच्या तोंडाशी उजेड तासाभरात बदलतो. आत अंधार, बाहेर रणरणतं ऊन, ही तुमची मुख्य अडचण असणार. काकांना कामाचा क्रम विचारा. पत्रा कापणं, ठोकून आकार देणं, भट्टीत तापवून नरम करणं, जोड, सफाई, मठार, कल्हई हे सगळं एका भांड्यावर एका दिवशी सलग होईलच असं नाही. भट्टी कोणत्या दिवशी पेटते? कल्हई दुकानातच होते की बाहेर जाते? शेजारी ठोकणं कधी थांबवतात, जेवायची सुट्टी किती, साप्ताहिक सुट्टी कोणती? आळीतल्या इतर कारागिरांना आधी भेटून ठेवा आणि त्यांचे चेहरे आले तर चालेल का हे विचारून ठेवा. काका घरचे आहेत, पण सगळी आळी घरची नाही.

आता आवाज. यावर जास्त बोलणार आहे, कारण नवशिक्यांचे व्हिडिओ पडतात ते बहुतेक इथेच. थोडं हललेलं, थोडं काळपट चित्र लोक खपवून घेतात. बोलणं नीट ऐकू आलं नाही की दहाव्या सेकंदाला पुढे सरकतात. आणि तुम्ही निवडलेली जागा शहरातल्या सगळ्यात गोंगाटाच्या जागांपैकी एक आहे.

हातोडे चालू असताना मुलाखत घ्यायची नाही. कितीही चांगला माइक असला तरी नाही. जेवायच्या सुट्टीत, संध्याकाळी काम थांबल्यावर किंवा सुट्टीच्या दिवशी घ्या. दुकानातच घ्यायची असेल तर पंखा बंद करा, फ्रिज असेल तर तोही. (फ्रिज बंद केलात तर स्वतःची गाडीची किल्ली त्यात ठेवा, म्हणजे तो चालू केल्याशिवाय घरी जाता येणार नाही. ही युक्ती सगळ्या शूटिंग युनिटमध्ये चालते.) तांब्या-पितळेनं भरलेल्या, उघड्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून कॅमेऱ्याला दिसणार नाहीत अशा ठिकाणी दोन-तीन गोधड्या किंवा गाद्या उभ्या करा. फरक लगेच कानाला कळतो.

तुमची पहिली खरेदी म्हणजे वायरचा, शर्टाला लावायचा कॉलर माइक. हजार रुपयांच्या आसपास बरा मिळतो. तो हनुवटीच्या खाली साधारण एक वीत अंतरावर लावा, वायर शर्टाच्या आतून घ्या. तुमच्या फोनला ३.५ मिमीचं भोक नसेल तर टाइप-सीचा जोड लागेल, तो माइकला चालतो ना हे दुकानातच तपासा. काही जोड फक्त हेडफोनला चालतात. याहून सोपा उपाय म्हणजे घरातला दुसरा फोन. माइक त्याला जोडा, त्यावर आवाज रेकॉर्ड करायचं ॲप चालू करा आणि तो काकांच्या खिशात ठेवा. चित्र तुमच्या फोनवर, आवाज त्यांच्या खिशात. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक जोरात टाळी वाजवा. एडिटमध्ये आवाजाच्या आलेखात दोन्हीकडच्या टाळीचा टोकदार उंचवटा एकाखाली एक आणला की आवाज आणि ओठ जुळतात. दोन यंत्रांची घड्याळं किंचित वेगळी चालतात, तेव्हा सलग तासभर रेकॉर्ड करण्यापेक्षा दहा-पंधरा मिनिटांचे तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याला टाळी द्या.

पातळीचं म्हणाल तर बोलण्याची उंच टोकं उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. डिजिटलमध्ये शून्य ही कमाल मर्यादा. आवाज तिथे आपटला की फाटतो, आणि फाटलेला आवाज कोणतंही सॉफ्टवेअर पूर्ववत करत नाही. हळू आलेला आवाज मात्र बऱ्यापैकी वाढवता येतो. काका बोलायला लागण्याआधी एकदा मोठ्यानं हसवून बघा, कारण पातळी तिथेच फुटते.

हातोड्याच्या आवाजाची गंमत वेगळी आहे. फोनच्या साध्या कॅमेरा ॲपमध्ये आवाज आपोआप वर-खाली करणारी यंत्रणा असते. ठोका पडला की ती पातळी दाबते, दोन ठोक्यांच्या मधे पुन्हा चढवते. मग ठोका बोथट येतो आणि मधल्या जागेत गल्लीतल्या रिक्षा फुगून येतात. ज्या ॲपमध्ये आवाजाची पातळी हातानं ठरवता येते ते वापरा, ठोक्याचं टोक उणे सहाच्या आसपास बसवा आणि पातळी खाली नेऊनही फाटत असेल तर मागे सरका. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो. खोलीत तेवढा नाही, पण उतरतो. चित्राची चिंता न करता नुसते आवाज वेगळे गोळा करा : सपाट पत्र्यावरचा ठोका, आकार आल्यावरचा ठोका, मठाराची बारीक टकटक, भात्याचा किंवा ब्लोअरचा आवाज, गरम भांडं पाण्यात घातल्यावरचा चर्र. पत्र्याचं भांडं होत जातं तसा ठोक्याचा सूर बदलतो. अनोळखी प्रेक्षकाला हे कोणी सांगावंही लागणार नाही, त्याच्या कानाला ते कळेल. शेवटी प्रत्येक जागी, कोणी न बोलता, एक मिनिट शांत रेकॉर्डिंग घ्या. दोन वाक्यं जोडताना मधली फट बुजवायला ते लागतं. रेकॉर्ड होतंय तोवर कानात वायरचे इअरफोन ठेवा. ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोचतो, शिवाय काही फोन ब्लूटूथ जोडलं की माइकही तिकडचाच धरतात.

मुलाखतीत तुमची एक खास अडचण होणार आहे : तुम्ही पुतणी आहात. तुम्ही विचाराल, 'काका, मठार का करतात?' ते म्हणतील, 'अगं, तुला माहितीये ना ते!' माणूस घरच्याला समजावून सांगत नाही, अर्धं गृहीत धरतो. म्हणून प्रश्न विचारायला एखादी मैत्रीण न्या, जिला तांब्याचं खरोखर काही माहीत नाही. काका तिच्याकडे बघून बोलतील, तिच्या चेहऱ्यावर गोंधळ दिसला की पुन्हा सोपं करून सांगतील. मठारल्यानं पत्रा कठीण होतो, भांडं मजबूत होतं, त्या ठोक्यांच्या खळग्या नुसत्या नक्षीच्या नाहीत, हे सगळं तिला सांगताना आपोआप पूर्ण वाक्यात येईल. तुम्ही कॅमेऱ्यामागे राहा.

तुमच्या मैत्रिणीचा प्रश्न व्हिडिओत ठेवायचा नाही, म्हणून उत्तर स्वतःच्या पायावर उभं असायला हवं. 'किती वर्षं झाली?' 'चाळीस' हे एडिटला निरुपयोगी. 'पहिल्यांदा दुकानात बसलात तो दिवस सांगा' असं विचारा. हो-नाहीत संपणारे प्रश्न यादीतून काढून टाका. मैत्रिणीला बजावून ठेवा की मधे 'हं, हं, हो का' करायचं नाही, नुसती मान हलवायची. आणि काकांचं उत्तर संपल्यावर लगेच पुढचा प्रश्न नको, तीन-चार सेकंद गप्प बसा. ती शांतता मोडायला माणूस जे बोलतो ते पुष्कळदा मुलाखतीतलं सगळ्यात चांगलं वाक्य असतं.

आता फोन. सेटिंगमध्ये सेकंदाला २५ फ्रेम मिळत असतील तर २५ घ्या, शटर (प्रत्येक फ्रेम किती वेळ उजेड घेते ते) १/५० सेकंद. कारण विजेत आहे. आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्झचा, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते दिसत नाही, पण ३० फ्रेम आणि १/६० शटरवर चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसतात. फोनमध्ये २५ नसतील तर ३० ठेवा, पण शटर १/५० किंवा १/१०० वर बांधा, पट्टे जातील. हे करायला फोनचा 'प्रो व्हिडिओ' मोड किंवा ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे फुकट ॲप लागतं. ते ॲप निवडक अँड्रॉइड फोनवरच चालतं, तुमच्यावर चाललं नाही तर ओपन कॅमेरा बघा. उन्हात मात्र १/५० वर चित्र पांढरं पडेल. तिथे शटर मोकळं सोडा, सूर्य लुकलुकत नाही.

रंग आणि उजेड दोन्ही लॉक करा, हे तुमच्या विषयाला फारच गरजेचं आहे. चकचकीत भांडं फिरलं की त्यावर बाहेरच्या उन्हाची तिरीप येते आणि फोन घाबरून अख्खं चित्र काळं करतो, पुढच्या क्षणी पुन्हा उजळतो. व्हाइट बॅलन्सचं, म्हणजे उजेडानुसार रंग जुळवण्याचंही तसंच. फ्रेमभर तांबं आलं की फोनला वाटतं उजेडच लाल आहे, आणि तो निळा मिसळून तांब्याचं तांबूसपण घालवतो. दुकानातली ट्यूब बंद करा, काकांना दाराच्या उजेडाकडे तिरकं बसवा, दुसऱ्या बाजूला पांढरी चादर किंवा मोठा कार्डशीट धरा, म्हणजे चेहऱ्याची काळी बाजू उघडते. शूटिंगवाले त्यासाठी थर्माकोल वापरतात, काम तेच. भट्टीच्या शॉटला ज्वाळा नीट दिसेल अशा बेतानं फोनचा उजेड लॉक करा, बाकी अंधारात गेलं तर जाऊ द्या. फोनचा एचडीआर मोड (जास्त उजळ-गडद टिपणारा) बंद ठेवा, नाहीतर एडिटमध्ये रंग विचित्र दिसतील आणि कारण सापडायला संध्याकाळ जाईल. आणि लेन्स पुसा. फोनच्या लेन्सवर कायम बोटांचा तेलकटपणा असतो, भट्टीच्या उजेडात त्याचे पसरट डाग दिसतात.

४केमध्ये घ्यायचं की १०८०मध्ये? तयार व्हिडिओ १०८०मध्येच करा, पण मुलाखत ४केमध्ये घ्या. ४केची रुंदी ३८४० पिक्सेल, म्हणजे १०८०च्या चित्राच्या १९२० रुंदीच्या बरोबर दुप्पट, त्यामुळे एकाच शॉटमधून कंबरेपासूनचा आणि चेहऱ्याचा असे दोन आकार काढता येतात. दोन वाक्यांमधला सांधा लपवायला हे उपयोगी पडतं. जागेचा हिशोब करून ठेवा : ४के मिनिटाला साधारण १७० ते ३५० एमबी खातं, कोणतं कोडेक (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) आहे त्यावर. दोन तासांचे २० ते ४० जीबी झाले.

दुसरी खरेदी ट्रायपॉड आणि मोबाइल होल्डर, मिळून दीड-दोन हजार. उरलेल्या पैशातून बॅकअपसाठी एक मोठा पेनड्राइव्ह घ्या. तो एफएटी३२ असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल घेणार नाही, एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या.

शॉट घेताना एकच शिस्त पाळा : कॅमेरा स्थिर, आत जे हलायचं ते हलू दे, आणि निदान दहा सेकंद थांबा. नवशिका चार सेकंदांत कंटाळतो आणि फोन फिरवायला लागतो. झूम बोटानं करू नका, पायानं करा. प्रत्येक कामाचे पाच शॉट घ्या : हात जवळून, चेहरा जवळून, हात आणि चेहरा एकत्र, काकांच्या खांद्यावरून त्यांना जे दिसतं ते, आणि लांबून अख्खी जागा. या पाचांत कोणतंही काम एडिटला जुळतं. ठोकण्याच्या कामाचा तर मोठा फायदा आहे. तीच क्रिया शेकडो वेळा होत असते, त्यामुळे एकाच फोननं जागा बदलत घेतलं तरी जोडल्यावर तीन कॅमेरे लावल्यासारखं वाटतं. हातोडा वर जाताना एका शॉटमधून निघायचं आणि खाली येताना दुसऱ्यात शिरायचं, सांधा दिसत नाही. एकच पथ्य : काकांपासून भांड्यापर्यंत जाणारी एक रेघ कल्पा आणि तिच्या एकाच बाजूला राहा. रेघ ओलांडलीत की हातोडा एका शॉटमध्ये डावीकडून आणि दुसऱ्यात उजवीकडून पडेल, आणि बघणारा गोंधळेल.

दोन गोष्टी तांब्यामुळे. पॉलिश केलेल्या भांड्यात तुम्हीच फोन घेऊन उभ्या असलेल्या दिसाल, गडद कपडे घाला आणि थोडं तिरकं उभ्या राहा. कल्हईच्या वेळी नवसागर टाकला की पांढरा धूर उठतो. तो दिसतो सुंदर, पण नाका-डोळ्यांना झोंबतो, तेव्हा वारा ज्या बाजूनं येतो त्या बाजूला थांबा आणि तो शॉट एकदाच मिळणार हे धरून रेकॉर्डिंग आधीपासून चालू ठेवा. स्लो मोशनचा मोह होईल. एखादा शॉट ठीक. पण स्लो मोशनमध्ये ठोक्याचा आवाज जातो, आणि तुमच्या व्हिडिओचा जीव त्या आवाजात आहे.

शूटच्या दिवशी फोन फ्लाइट मोडवर. ऐन कल्हईत कोणाचा तरी फोन येतो आणि रेकॉर्डिंग थांबतं. बॅटरी भरलेली, पॉवर बँक सोबत, मेमरी रिकामी. त्या रात्री झोपण्याआधी सगळं फुटेज दोन वेगळ्या ठिकाणी उतरवा, आणि दोन्हीकडच्या फाइल उघडून बघितल्याशिवाय फोनमधून काही पुसू नका.

एडिटला बसल्यावर पहिले दोन दिवस चित्राला हात लावू नका. काकांची मुलाखत शब्दशः लिहून काढा, वेळेच्या आकड्यांसकट. फोनवर मराठी बोलून टाइप करायची सोय वापरली तरी चालेल, चुका नंतर सुधारा. मग त्यातली वाक्यं निवडा, कागदावरच मागे-पुढे करा. आठवतंय ना, साडेतीनशे-चारशे शब्द. ती वाक्यं आणि कामाचे आवाज एवढंच टाइमलाइनवर (सॉफ्टवेअरमधल्या तुकडे जोडायच्या पट्टीवर) लावा आणि डोळे मिटून ऐका. रेडिओवर लागल्यासारखं समजलं पाहिजे. जिथे समजत नाही तिथे चित्रं वाचवणार नाहीत. हे जमल्यावर चित्रं बसवायला आश्चर्य वाटेल इतका कमी वेळ लागतो. सांध्यांवर आवाज आणि चित्र एकाच क्षणी बदलू नका. भट्टीचा आवाज काकांच्या वाक्याखाली आधी सुरू होऊ दे, भट्टी नंतर दिसू दे.

सॉफ्टवेअरवर फार खल नको. डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती उत्तम, पण तिला दमदार कॉम्प्युटर लागतो. १६ जीबी रॅम असेल तर वाटेला जा. नसेल तर केडेनलाइव्ह किंवा शॉटकट, दोन्ही फुकट. फोनच्या फुटेजमध्ये एक छुपी खोड असते : फोन फ्रेमचा वेग स्थिर ठेवत नाही, उजेड कमी झाला की तोही घसरतो. काही सॉफ्टवेअरमध्ये मग लांब क्लिपमध्ये आवाज हळूहळू ओठांपासून सुटत जातो. तसं दिसलं तर हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमधून ज्या वेगानं शूट केलंय त्याच स्थिर वेगाच्या फाइल करून घ्या.

संगीत : माझं मत विचाराल तर जवळजवळ नकोच. हस्तकलेचा व्हिडिओ म्हटला की बासरी आणि संतूर लागलेच पाहिजेत असा काहीतरी दंडक पडलाय. तुमच्याकडे हातोडे आहेत. अगदीच लागलं तर यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतून घ्या. 'जुनं आहे, चालतं' या भरवशावर गाणी लावू नका. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार रेकॉर्डिंगवरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं राहतो. शब्द आणि चाल यांचा हक्क निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. तुकोबांचा अभंग कोणाच्या मालकीचा नाही, पण तो गाऊन बाजारात आणलेलं रेकॉर्डिंग असू शकतं.

नावं आणि सबटायटल टाकताना युनिकोड फॉन्टच वापरा : मुक्त (Mukta), बालू (Baloo), नोटो सान्स देवनागरी, सगळे फुकट आहेत. काही एडिटिंग सॉफ्टवेअर मूळ सेटिंगमध्ये जोडाक्षरं फोडतं किंवा वेलांटी भलत्या जागी नेतं. त्याच्या टेक्स्टच्या पर्यायांत भारतीय लिप्यांसाठीची सोय शोधून चालू करा. चाचणीसाठी 'दुसऱ्या', 'श्री' आणि 'कल्हई' हे तीन शब्द टाइप करून बघा, तिन्ही नीट उमटले तर बाकीचं जमेल. सबटायटल एका वेळी दोन ओळींहून जास्त नको. इंग्रजी सबटायटल चित्रावर चिकटवू नका, वेगळी एसआरटी फाइल (वाक्यं आणि त्यांच्या वेळा असलेली) करून यूट्यूबवर चढवा. ज्याला हवी तो चालू करेल.

आता कोर्स. पुण्यात राहून एफटीआयआयचं, म्हणजे फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटचं नाव टाळता येत नाही. १९६०पासूनची संस्था आहे आणि आता लहान मुदतीचे कोर्सही घेते. जरूर करा, पण हा व्हिडिओ झाल्यावर. तेव्हा तुमच्याकडे स्वतःचे प्रश्न असतील. त्याआधी घरीच तीन तालमी करा, प्रत्येक एका मिनिटाची. पहिली : आई चहा करतेय, वरचे पाच शॉट, एकही शब्द नाही. दुसरी : चित्र नाही, शेजाऱ्यांची मुलाखत, फक्त आवाज. तिसरी : दोन्ही एकत्र, मथळा आणि सबटायटलसकट अपलोडपर्यंत. दादासाहेब फाळक्यांनीसुद्धा १९१२मध्ये पूर्ण लांबीच्या चित्रपटाआधी कुंडीतल्या रोपाची वाढ थोडी थोडी चित्रित करून छोटी फिल्म केली होती, ती दाखवून भांडवल उभं करायला. तुम्हाला भांडवल नको आहे, पण सगळी वाट एकदा चालून झाली की फोन कुठे अडतो, कॉम्प्युटर कुठे दम तोडतो हे आळीत पाऊल ठेवण्याआधी कळेल.

एक्सपोर्ट एच.२६४ कोडेकमध्ये, १०८०, सेकंदाला जितक्या फ्रेमनं शूट केलंय तितक्याच फ्रेमनं. यूट्यूब या आकाराला सेकंदाला ८ मेगाबिट सुचवतं. तुम्ही १५-२० द्या, ते पुन्हा दाबणारच आहेत. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हिडिओ म्हणून टाकलात तर तो चुरगाळून पोचतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा लिंक द्या. यूट्यूबवर आधी 'अनलिस्टेड' (लिंक असलेल्यालाच दिसेल असा) ठेवा आणि काकांना मोठ्या स्क्रीनवर दाखवा. कामाचा क्रम चुकलाय, कोणाच्या नावाआधी 'कै.' राहिलंय, एखाद्या गिऱ्हाइकाचा उल्लेख नको आहे, असं काहीतरी निघतंच. आळीतल्या ज्यांचे चेहरे आलेत त्यांनाही बोलवा. त्यांनी सांगितलेल्या दुरुस्त्या झाल्या की मग 'पब्लिक' करा.